सृष्टीचे सहा दिवस आणि नागपूरचे खडक

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या पहिल्याच पानावर एक साधा शब्द आहे, आणि त्या शब्दाच्या अर्थावरून सोळाशें वर्षांहून अधिक काळ विद्वानांत वाद चालू आहे. तो शब्द म्हणजे ‘दिवस’. परमेश्वरानें आकाश, पृथ्वी आणि त्यांतील सर्व चराचर सहा दिवसांत निर्माण केलें व सातव्या दिवशीं विसावा घेतला, असें ‘उत्पत्ति’ या पुस्तकाच्या आरंभीं सांगितलें आहे. हे दिवस चोवीस तासांचे, नित्याचेच दिवस होते, कीं त्या शब्दाच्या पोटांत कोट्यवधि वर्षांचीं युगें दडलेलीं आहेत? हा प्रश्न यहुदी व ख्रिस्ती लोकांच्या घरचा. त्याच्याशीं मराठी माणसाला काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. परंतु या वादाशीं निगडित असलेलें एक महत्त्वाचें प्रकरण नागपूरच्या आसपासच्या खडकांत लिहिलेलें आहे, आणि तें प्रथम लक्षपूर्वक वाचणारा गृहस्थ स्वतःच एक धर्मोपदेशक होता. शिवाय ब्रह्मदेवाच्या दिवसाचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या समाजाला हा प्रश्न अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं.

प्रथम मूळ कथा काय सांगते तें पाहावें. पहिल्या दिवशीं प्रकाश व अंधार वेगळे झाले. दुसऱ्या दिवशीं अंतराळ झालें. तिसऱ्या दिवशीं पाणी ओसरून कोरडी भूमि दिसूं लागली व तिच्यावर वनस्पति उगवल्या. चौथ्या दिवशीं सूर्य, चंद्र व तारे झाले. पांचव्या दिवशीं जलचर व पक्षी. सहाव्या दिवशीं भूचर प्राणी आणि सर्वांच्या शेवटीं मनुष्य. प्रत्येक दिवसाच्या अखेरीस संध्याकाळ व सकाळ झाल्याचें पालुपद येतें. यहुदी लोकांचा दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, म्हणून त्यांत संध्याकाळ आधीं. आपल्या पंचांगांत वार सूर्योदयापासून धरतात. परंतु दिवस कोणत्याहि रीतीनें मोजला तरी त्याला सूर्य हवाच, आणि येथें तर सूर्य चौथ्या दिवशीं निर्माण झाला! मग पहिले तीन दिवस कोणत्या घटिकापात्रानें मोजावयाचे? ही अडचण आधुनिक विज्ञानानें काढलेली नसून, ती त्या पानांतच आहे.

शब्दशः अर्थ घेणाऱ्यांचा पक्षहि कांहीं दुबळा नाहीं. मूळ हिब्रू भाषेंत येथें ‘योम’ हा शब्द आहे, आणि त्याचा रोजच्या वापरांतील अर्थ दिवस हाच. त्याला पहिला, दुसरा असे अनुक्रम लावलेले आहेत. शिवाय दहा आज्ञांपैकीं शब्बाथाची आज्ञा याच कथेवर उभी आहे. सहा दिवस काम करावें व सातव्या दिवशीं विसावा घ्यावा, कारण ईश्वरानेंहि तसेंच केलें, हें तिचें तात्पर्य. दिवसाचा अर्थ युग घेतला तर माणसानेंहि सहा युगें राबावें काय, असा बिनतोड सवाल हा पक्ष करतो. उलट पक्षीं दुसऱ्या अध्यायांत हाच ‘योम’ शब्द निर्मितीच्या सबंध काळाला मिळून एकवचनीं वापरला आहे. सातव्या दिवसाला संध्याकाळ-सकाळीचें पालुपद नाहीं. आणि स्तोत्रांच्या पुस्तकांत ईश्वराच्या दृष्टीनें हजार वर्षें म्हणजे सरून गेलेला एखादा दिवस, अशा अर्थाचा विचार आढळतो. म्हणजे नुसत्या शब्दावरून निकाल लागत नाहीं. मराठी भाषांतरकारांनीं ‘योम’ला ‘दिवस’ हाच साधा प्रतिशब्द योजला, तो योग्यच होय. पण त्यामुळें मूळचा वाद जसाच्या तसा मराठींतहि उतरला.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, पूर्वींचे सर्व ख्रिस्ती आचार्य सहा दिवस अक्षरशः मानीत, आणि भूगर्भशास्त्रानें कोंडी केल्यावर मग पंडितांनीं पळवाट म्हणून निराळे अर्थ काढले. इतिहास तसा नाहीं. चौथ्या शतकांत कॅसरियाचा बिशप बेसिल यानें या सहा दिवसांवर प्रवचनें दिलीं व दिवस चोवीस तासांचाच धरला. परंतु त्याच्यामागून थोड्याच वर्षांनीं उत्तर आफ्रिकेंतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन यानें उत्पत्तीच्या शब्दार्थावर मोठें भाष्य लिहिलें. तें इ. स. ४१५ च्या सुमारास पुरें झालें. त्याच्या मतें ईश्वराला वेळाची गरज नाहीं. त्यानें सर्व कांहीं एकाच क्षणीं केलें, आणि सहा दिवस हा काळाचा क्रम नसून समजुतीचा क्रम आहे. म्हणजे ऑगस्टीनला सहा दिवस थोडे वाटले नव्हते, फार वाटले होते! त्याच भाष्यांत त्यानें एक इशारा देऊन ठेवला आहे. पृथ्वी, आकाश, ग्रहांच्या गति यांचें ज्ञान ख्रिस्ती नसलेल्या माणसालाहि असतें. अशा जाणत्या माणसापुढें धर्मग्रंथाच्या नांवावर ख्रिस्ती माणसानें भलतेंच बोलावें ही लाजिरवाणी गोष्ट आहे. कारण जें तो स्वतः तपासूं शकतो त्यांत ग्रंथ चुकला असें त्याला दिसलें, तर जें तपासतां येत नाहीं त्यावर तो कां विश्वास ठेवील? हा इशारा पुढें चौदाशें वर्षांनीं खरा ठरावयाचा होता.

धर्मसुधारणेच्या काळांत वारें पुन्हा फिरलें. मार्टिन लूथर यानें उत्पत्तीवरील व्याख्यानांत ऑगस्टीनचें मत बाजूस सारून सहा दिवस अक्षरशः मानले. कॅल्व्हिन यानेंहि सहा दिवसांचा अवधि खरा धरला; मात्र मोशे सामान्य जनांसाठीं लिहीत होता, ज्याला ज्योतिष शिकावयाचें असेल त्यानें दुसरीकडे जावें, असें त्यानेंच म्हणून ठेवलें. पुढें १६५० साली आयर्लंडचा आर्चबिशप जेम्स अशर यानें धर्मग्रंथांतील वंशावळ्यांच्या बेरजा करून सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ च्या ऑक्टोबर महिन्यांत ठरविला. इंग्रजी बायबलाच्या समासांत त्याच्या तारखा छापल्या जाऊं लागल्यावर, टीकाकाराची बेरीज आणि मूळ ग्रंथ यांतील भेद सामान्य वाचकाच्या मनांतून पुसटत गेला.

मराठी भाषेंत ही कथा प्रथम मोठ्या प्रमाणावर आली ती गोव्यांत. इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, आणि १६१६ साली राचोल येथें त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपींत छापून निघालें. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या पुराणांत जगदुत्पत्तीची कथा आहे. पुराण हें नांवच सूचक आहे. स्टीफन्स यांना ठाऊक होतें कीं, या देशांत विश्वाच्या जन्माची हकिकत पुराणांत सांगावयाची असते व ती ओवीछंदांत ऐकावयाची असते. ऐकणाऱ्यानें ती घड्याळ लावून ऐकावी अशी अपेक्षा त्या परंपरेंत नव्हती.

दोनशें वर्षांनीं हवा बदलली. एकोणिसाव्या शतकांत मुंबई-पुण्याकडे आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं शाळा काढल्या, भूगोल व ज्योतिष शिकविलें, आणि त्याच ज्ञानाचा उपयोग वादांत केला. क्षीरसागर, मेरुपर्वत, सप्तद्वीपें यांचें पुराणांतील वर्णन पृथ्वीच्या नकाशाशीं जुळत नाहीं, म्हणून पुराणें ईश्वरप्रणीत नव्हत, हा त्यांचा नेहमींचा मुद्दा असे. १८३१ साली मुंबईंत मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांच्यांत रंगलेला वाद प्रसिद्धच आहे. ग्रंथाचें वचन प्रत्यक्ष पाहणीच्या कसोटीवर घासावें, ही कसोटी मिशनऱ्यांनींच या देशांतील विद्यार्थ्याच्या हातीं दिली. कसोटी योग्य होती. पण कसोटीचा दगड एकदां बाजारांत आला कीं तो सर्वांच्या सोन्याला लागतो. देणाऱ्याचें सोनें त्यांतून सुटत नाहीं. आणि नेमक्या त्याच वर्षांत, म्हणजे १८३० ते १८३३ या काळांत, चार्ल्स लायल यांचे भूगर्भशास्त्रावरील तीन खंड लंडनमध्यें प्रसिद्ध होत होते. पृथ्वीचे थर आज चालू असलेल्या नैसर्गिक क्रियांनींच, सावकाश, अपार कालावधींत बनले, हें त्यांचें प्रतिपादन होतें.

अशा वेळीं स्टीफन हिस्लॉप नागपुरास आले. त्यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स या गांवीं झाला. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्यें फूट पडून फ्री चर्च स्थापन झालें, त्याचे ते अनुयायी. १८४५ साली ते नागपुरांत पोंचले. तेव्हां तेथें भोसल्यांचें राज्य होतें. पुढल्याच वर्षीं त्यांनीं शाळा काढली. आज त्यांच्या नांवानें चालणारें हिस्लॉप कॉलेज त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ साली निघालें, तरी त्याचें मूळ या शाळेंतच आहे. १८४७ पासून त्यांना रॉबर्ट हंटर हे सहकारी लाभले. हे दोघे धर्मोपदेशासाठीं गांवोगांव फिरत, आणि फिरतांना हातांत हातोडी असे.

नागपूर शहर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर बसलें आहे. पश्चिमेकडे काळा कातळ, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर. पूर्वेकडे त्याहून फार प्राचीन असे स्फटिकमय खडक. आणि उत्तरेस कामठी-सिलेवाड्याकडे वालुकाश्म. शहराजवळच्या टाकळी येथें हिस्लॉप व हंटर यांना लाव्ह्याच्या दोन थरांमध्यें दबलेला मातकट दगडाचा एक पातळ थर सांपडला. त्यांत गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे शंख, माशांचे खवले, फळें, बिया, लांकडाचे तुकडे, इतकेंच नव्हे तर कीटकांचे पंखहि दगड होऊन राहिले होते. कामठीकडच्या वालुकाश्मांत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले. या वनस्पतीला ‘ग्लॉसोप्टेरिस’ म्हणतात. दक्षिणेकडे मांगली येथील दगडांत बेडकाच्या जातीशीं दूरचें नातें असलेल्या एका प्राचीन प्राण्याची कवटी होती. तिचें वर्णन १८५५ साली लंडनचे प्रख्यात शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनीं केलें. त्याच वर्षीं नागपूरच्या आसपासच्या भूगर्भावरील या दोघांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकांत प्रसिद्ध झाला.

टाकळीचा तो पातळ थर काय सांगतो, हें नीट लक्षांत घेण्यासारखें आहे, कारण सहा दिवसांच्या प्रश्नाचें सर्व मर्म त्यांत आहे. प्रथम तप्त लाव्ह्याचा लोट आला. तो निवून घट्ट झाला. त्यावर पाऊस पडला, खडक झिजला, माती झाली, सखल जागीं तळें सांचलें. तळ्याकांठीं झाडें वाढलीं, त्यांना फळें आलीं. पाण्यांत गोगलगाई जन्मल्या, व्याल्या, मेल्या, आणि त्यांचे शंख तळाच्या गाळांत पिढ्यामागून पिढ्या सांचत गेले. मग पुन्हा लाव्हा आला व त्यानें हें सारें झांकून टाकलें. असे लाव्ह्याचे लोट एकावर एक अनेक आहेत, आणि त्यांनीं महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापलेला आहे. एखादें झाड फळाला यावयास किती पावसाळे लागतात, हें शेतकऱ्याला पुस्तकावांचून ठाऊक असतें. हा सगळा खटाटोप तिसऱ्या दिवसाच्या सकाळपासून सहाव्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत कसा उरकावा? आणि माणसाचा मागमूसहि नसलेल्या काळांत इतक्या पिढ्या मरून दगड झाल्या, याचा मेळ आठवड्याच्या गणिताशीं कसा घालावा?

हिस्लॉप ज्या चर्चचे सेवक होते, त्या चर्चच्याच दोन थोर पुरुषांनीं या प्रश्नाला दोन प्रसिद्ध उत्तरें दिलीं होतीं. पहिले टॉमस चामर्स, १८४३ च्या सभेचे पहिले अध्यक्ष. त्यांचें म्हणणें असें कीं, पहिल्या व दुसऱ्या वचनामध्यें हवा तितका काळ गेला असें मानावें. खडक व जीवाश्म त्या अज्ञात काळांतले. नंतर जग ओसाड झालें आणि मग चोवीस तासांच्या सहा दिवसांत सध्यांची सृष्टि रचली गेली. या तोडग्यांत दिवसहि शाबूत राहतो आणि खडकहि. परंतु थरांचा कसून अभ्यास करणारांना असा मधला तुटलेला काळ कोठेंच सांपडेना. जुन्या जातींपैकीं कित्येक जाती सध्यांच्या सृष्टींत सरळ चालत आलेल्या दिसत.

दुसरे ह्यू मिलर. क्रोमार्टी गांवचा हा पाथरवट स्वतःच्या अभ्यासानें भूगर्भशास्त्रज्ञ झाला आणि फ्री चर्चचा पक्ष मांडणाऱ्या ‘विटनेस’ या वर्तमानपत्राचा संपादक होता. आरंभीं त्यांना चामर्स यांचा तोडगा पटे. दगड पाहतां पाहतां त्यांनीं तो सोडला व एकेक दिवस म्हणजे एकेक दीर्घ युग असें मत मांडलें. तिसरा दिवस वनस्पतींच्या भराचा, पांचवा प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांचा, सहावा सस्तन प्राण्यांचा, अशी त्यांनीं जोडणी केली. १८५६ च्या डिसेंबरांत मिलर यांनीं मेंदूच्या विकारानें त्रस्त होऊन आत्महत्या केली, आणि ‘खडकांची साक्ष’ या अर्थाच्या नांवाचें त्यांचें पुस्तक १८५७ साली, त्यांच्यामागें प्रसिद्ध झालें. धर्म व शास्त्र यांच्या ओढाताणींत त्यांचा बळी गेला असें पुढें कांहींजण म्हणूं लागले. पण त्यांचें पुस्तक वाचणाऱ्यास त्यांत ओढाताण दिसत नाहीं, दोन्ही साक्षी खऱ्याच ठरतील हा भरंवसा दिसतो.

तरी मिलर यांची जोडणीहि पुरती बसत नाहीं. कथेंत फळझाडें सूर्याच्या आधीं आहेत, व पक्षी भूचर प्राण्यांच्या आधीं. खडकांत पाहावें तर सरपटणारे प्राणी आधीं आणि पक्षी त्यांच्यामागून येतात. दिवस कितीहि लांबवला तरी क्रम बदलत नाहीं. कापड ताणून लांब होईल. त्यावरील नक्षी उलटसुलट होणार नाहीं.

हिस्लॉप यांच्या हयातींत खडकांचा क्रम समजत होता, वय समजत नव्हतें. तें कळावयास किरणोत्सर्गी द्रव्यांचा शोध लागावा लागला. १९५६ साली क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञानें उल्कापाषाणांतील शिशाच्या प्रकारांवरून पृथ्वीचें वय सुमारें ४५५ कोटि वर्षें ठरविलें, आणि आजचा आंकडाहि ४५४ कोटींच्या आसपासच आहे. टाकळीच्या काळ्या कातळाचें वय सुमारें साडेसहा कोटि वर्षें, तर कामठीच्या पानांचें सुमारें पंचवीस कोटि. म्हणजे हिस्लॉप यांच्या हातोडीखालीं आलेल्या दोन दगडांमध्येंच अठरा कोटि वर्षांचें अंतर होतें.

इतकें झाल्यावरहि वाद मिटला नाहीं. १९६१ साली अमेरिकेंत जॉन व्हिटकॉम व हेन्री मॉरिस यांनीं नोहाच्या जलप्रलयावर एक पुस्तक लिहिलें. सहा दिवस अक्षरशः खरे, पृथ्वी कांहीं हजार वर्षांचीच, आणि जीवाश्मांचे थर प्रलयाच्या पाण्यानें सांचले, असा त्यांचा पक्ष होता. त्याला आजहि मोठा अनुयायीवर्ग आहे. टाकळीचा थर या मतापुढें ठेवून पाहावा. जगबुडीच्या एकाच पुरांत, वर-खालीं तप्त लाव्हा असतांना, मध्येंच संथ तळें कसें झालें व त्यांत गोगलगाईंच्या पिढ्या कशा नांदल्या, याचें उत्तर त्या मतानें देतां येत नाहीं.

मग त्या पहिल्या अध्यायाचें करावयाचें काय? अर्वाचीन पंडितांपैकीं अनेकांनीं प्रश्नाचा रोख बदलला. दिवस किती तासांचा हें विचारण्यापूर्वीं कथेची घडण पाहावी, असें ते म्हणतात. पहिल्या तीन दिवसांत तीन जागा तयार होतात : प्रकाश व अंधार, पाणी व आकाश, आणि भूमि. पुढल्या तीन दिवसांत त्याच क्रमानें त्या जागांचे रहिवासी येतात : सूर्य-चंद्र, मासे व पक्षी, प्राणी व माणूस. पहिल्याची जोड चौथ्याशीं, दुसऱ्याची पांचव्याशीं, तिसऱ्याची सहाव्याशीं. घर आधीं बांधावें, बिऱ्हाड मागून यावें, अशी ही मांडणी आहे. सूर्य चौथ्या दिवशीं कां, हें कोडेंहि येथें सुटतें. शेजारच्या बाबिलोनी लोकांत सूर्य-चंद्र हे देव होते. निनवे येथील मातीच्या विटांवर कोरलेली त्यांची सृष्टिकथा जॉर्ज स्मिथ यांनीं १८७६ साली इंग्रजींत प्रसिद्ध केली, तेव्हांपासून ही तुलना करणें शक्य झालें. ज्या ज्योतींपुढें शेजारी दंडवत घालतात, त्या ज्योती म्हणजे चौथ्या दिवशीं टांगलेले दिवे, असें हिब्रू कथाकार सांगतो. त्याला कालगणना शिकवावयाची नव्हती. कोणाला भजावें व कोणाला भजूं नये, आणि राबणाऱ्या माणसाला सातव्या दिवशीं विसावा कां मिळावा, हें त्याला सांगावयाचें होतें.

या दृष्टीनें पाहिल्यास दोन्ही जुन्या पक्षांची चूक व खरेपणा दोन्ही दिसतात. ‘योम’ म्हणजे दिवसच, हें अक्षरवाद्यांचें म्हणणें खरें. त्या शब्दांत युगें कोंबणें हा भाषेवर जुलूम आहे. पण तो दिवस पृथ्वीच्या वयाच्या हिशेबांतील आंकडा आहे, हें त्यांचें म्हणणें खरें नाहीं. त्या आठवड्याचें प्रयोजन माणसाचा आठवडा घडविणें हें आहे.

हाच न्याय आपल्या घरींहि लावावा लागतो. पुराणांच्या गणतीप्रमाणें ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे हजार चतुर्युगें, ४३२ कोटि मानवी वर्षें. हा आंकडा पृथ्वीच्या ४५४ कोटि वर्षांच्या वयाजवळ येतो असें पाहून, आमच्या ऋषींना हें आधींच ठाऊक होतें, असा डंका अनेकदां पिटला जातो. पण ४३,२०,००० वर्षांचें चतुर्युग हजारानें गुणून आलेला तो आंकडा आहे. त्यामागें खडकाची पाहणी नाहीं. शिवाय ब्रह्मदेवाचा दिवस म्हणजे पृथ्वीचें वय, असेंहि पुराणें म्हणत नाहींत. अपार काळाची कल्पना करण्याचें धैर्य आपल्या पूर्वजांनीं दाखविलें, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण योगायोगानें जवळ आलेल्या आंकड्याला पुरावा म्हणूं नये. मिलर यांची जोडणी ज्या कारणानें नाकारली, त्याच कारणानें ही जोडणीहि नाकारली पाहिजे. नाहीं तर कसोटीचा दगड परक्यासाठीं आणि तराजूचें पारडें आपल्यासाठीं, असें होईल.

हिस्लॉप यांच्या चरित्रांतील आणखी एक प्रकरण येथें आठवतें. त्यांनीं दगडांप्रमाणें माणसांचाहि अभ्यास केला. गोंडांची भाषा, चालीरीति आणि त्यांचा पूर्वज लिंगो याचें दीर्घ गीत त्यांनीं उतरवून घेतलें. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं, टाकळघाटजवळचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना, पुरानें फुगलेल्या ओढ्यांत ते बुडाले. त्यांचें वय शेहेचाळीस वर्षांचेंहि पुरतें झालें नव्हतें. मागें राहिलेले त्यांचे कागद मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ साली छापून काढले, आणि लिंगोचें गीत जगापुढें आलें. गोंडांचे पूर्वज गुहेंत कोंडले गेले होते व लिंगोनें त्यांना बाहेर काढलें, ही त्यांतील मुख्य कथा. ती गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्यांतील सालेकसा तालुक्यांतलें कचारगड, अशी गोंडांची श्रद्धा आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास दूरदूरच्या प्रांतांतून त्यांचे मेळे तेथें येतात.

काळाच्या ओघांत गोंडांचें नांव मात्र भलत्याच ठिकाणीं जाऊन पोंचलें. कामठीच्या पानांसारखीं पानें ज्या खडकांत सांपडतात, त्यांना भूगर्भशास्त्रज्ञांनीं १८७० नंतर ‘गोंडवन’ हें नांव दिलें. तींच पानें आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथेंहि सांपडल्यावर, हे सारे भूभाग पूर्वीं एकत्र होते असें अनुमान निघालें, आणि एडवर्ड सूस यांनीं १८८५ साली त्या प्राचीन भूखंडाला ‘गोंडवनभूमि’ म्हटलें. पुढें दक्षिण ध्रुवाच्या खंडांतहि तींच पानें निघालीं. आज पृथ्वीच्या इतिहासाचें कोणतेंहि पुस्तक या नांवावांचून पुरें होत नाहीं.

गोंदिया शहरालगतच्या मुर्री गांवापाशीं उभें राहिलें तर नजरेस पडतात त्या धानाच्या बांध्या. रोवणीच्या दिवसांत त्यांतील पाण्यांत आभाळ दिसतें. पण त्याच जिल्ह्यांतील आमगांवचे खडक भूगर्भशास्त्रांत आमगांवच्याच नांवानें प्रसिद्ध आहेत, आणि त्यांतील जुन्यांत जुने अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहूनहि पलीकडचे मानले जातात. टाकळीचा कातळ त्यांच्यापुढें कालचें पोर. याच जिल्ह्यांत कचारगडच्या गुहेंत एका समाजाचा जन्म झाला अशी श्रद्धा आहे, आणि रविवारीं प्रार्थनेला जमणारीं ख्रिस्ती कुटुंबें त्या सहा दिवसांची कथा मुलांना वाचून दाखवितात. कचारगडच्या गुहेचें खनिज तपासून लिंगोची थोरवी ठरत नाहीं. तशी टाकळीच्या गोगलगाईनें सहा दिवसांच्या कथेची किंमत कमी होत नाहीं. मात्र मुलानें शाळेंतून येऊन पृथ्वीचें वय विचारलें, तर त्याला गुहा दाखवूं नये, पंचांग दाखवूं नये आणि उत्पत्तीचा पहिला अध्यायहि दाखवूं नये. त्याच्या हातांत दगड द्यावा.